खांद्यावरची वेल

गल्लीत तिला सगळे रफूवाली म्हणत. नवरासुद्धा चारचौघांत 'आमची रफूवाली' असाच उल्लेख करी. त्यात त्याला काही गैर वाटत नसे, कारण तिलाही वाटत नसे. पुढच्या खोलीत खिडकीशी तिची बैठक होती. एक खुर्ची, पाय टेकायला पाट, रिळांनी भरलेला बिस्किटांचा जुना डबा आणि लोकांनी आणून टाकलेल्या कपड्यांचा ढीग. ढीग कधी संपत नसे. मान अवघडे, डोळ्यांतून पाणी येई, मग ती उठून चहा टाकी आणि पुन्हा येऊन बसे. इतकी वर्षं हेच चाललं होतं.

पूर्वी तिचं सगळं कसब न दिसण्यात होतं. रफू कुठे केलंय ते बोट ठेवून दाखवा, असं ती गिऱ्हाइकाला सांगे आणि गिऱ्हाईक हरे. मग वारं फिरलं. कॉलेजातली पोरं पँटच्या गुडघ्याला भोक घेऊन यायला लागली आणि म्हणायला लागली, "काकू, पिवळं ठिगळ लावा आणि टाके लाल घाला. लांबून दिसलं पाहिजे." फाटकं घालायची लाज वाटायचे दिवस गेले होते, आता धड घालायची लाज वाटत होती. तिने कपाळाला हात लावला, पण टाके लाल घातले. आणि खरं सांगायचं तर तिला त्यात मजा यायला लागली. आयुष्यभर लपवलेला हात आता मिरवायला मिळत होता.

त्या दिवशी सकाळी थोरली लेक सासरहून आली. भाजीवाला नुकताच गेला होता आणि मटारच्या शेंगा ताटात पडल्या होत्या. थोरलीने नेहमीची कापडी पिशवी आईच्या पायाशी ठेवली, पायातल्या चपला सरळ लावल्या आणि काही न बोलता शेंगा सोलायला बसली.

रफूवालीने पिशवीतून कपडे काढले. जावयांचा पायमोजा, टाचेला गेलेला. उशीचा अभ्रा. आणि तळाशी निळा ड्रेस. त्याची बाही खांद्यापासून सुटून लोंबत होती.

कापड जातं ते दोन तऱ्हांनी. झिजतं, नाहीतर फाटतं. झिजलेलं कापड आधी पातळ होतं, कोपरावर, गुडघ्यावर, बसायच्या जागी. सांगून सवरून जातं. या ड्रेसचा अजून रंगसुद्धा उतरला नव्हता. बाही शिवणीवर उसवली नव्हती, शिवण सोडून शेजारचं कापड गेलं होतं. कोणीतरी दंडाला धरून ओढलं होतं आणि थोरली दुसरीकडे जात होती.

"हा कसा गं फाटला?"

"दाराच्या कडीत अडकला."

"मागचाही कडीतच अडकला होता."

"आमची कडी आहेच तशी," थोरली म्हणाली आणि शेंगेतला एक किडका दाणा बाजूला टाकला.

रफूवालीने ड्रेस पुन्हा पिशवीत ठेवला. पहिल्या वेळी मात्र बोलणं झालं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा थोरली याच खोलीत भिंतीला पाठ लावून रडली होती आणि सगळं सांगितलं होतं. बाप कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडत उभा राहणारा माणूस, त्याला आवाज चढवायची सवय नव्हती. तो हळूच म्हणाला होता, "बाळ, आता ते तुझं घर. तिथलं तिथे मिटव. धाकटी अजून लग्नाची आहे." आईने काहीच म्हटलं नव्हतं. तिने फाटलेला खांदा मांडीवर घेतला होता आणि दुपारभर बसून त्यावर वेल काढली होती. गळ्यापासून दंडापर्यंत हिरवी साखळी, पानं, मध्ये तांबडी फुलं. इतकी सुंदर, की थोरलीचं रडणं थांबलं. तेवढंच तिला येत होतं, म्हणून तेवढंच तिने केलं. त्यानंतर सांगणं बंद झालं आणि पिशवी सुरू झाली.

आणि मग जे झालं त्याला काय म्हणावं? थोरलीच्या गल्लीतल्या बायकांना ती वेल आवडली. एकीने विचारलं, कुठे करून घेतली? थोरली म्हणाली, आईने. झालं! नवे कोरे, धडधाकट ड्रेस घेऊन बायका रफूवालीच्या दारात यायला लागल्या. "थोरलीसारखी वेल हवी, खांद्यावरच." ज्यांना थांबायला वेळ नव्हता त्यांनी बघून बघून घरीच काढल्या, वेड्यावाकड्या, जाड दोऱ्याने. बाजारात जावं तर जिथे तिथे खांद्यावर वेल. जावई संत्री घेऊन आले तेव्हा कौतुकाने म्हणाले, "आई, तुमच्या वेलीने गल्ली गाजवली. तुमच्यामुळे आमच्या घरात काही वाया जात नाही." जावयांचा फोटोचा स्टुडिओ होता. माणूस गोड बोलायचा, लहान मुलांना हसवून त्यांचे फोटो काढायचा. रफूवाली त्यांच्याकडे बघून हसली होती. हसली होती, हेही सांगायला हवं.

दुपारी थोरली गेली आणि धाकटी कामावरून आली. तिचं लग्न ठरलं होतं. तिच्या हातात लग्नात घालायचा ड्रेस होता, मोतिया रंगाचा, इस्त्रीची घडीही न मोडलेला.

"आई, हे आधी घे. ताईसारखी वेल. सासूबाईंनी मुद्दाम निरोप पाठवलाय, तुमच्या घरची ती खूण आहे म्हणे."

रफूवालीने हात पुसले, कापड मांडीवर घेतलं, खडूने खांद्यावर रेघ ओढली. सुईत हिरवा दोरा ओवला. रोजचंच काम. पण सुई कापडाला लागली आणि तिचा हात तिथेच थांबला. थोरलीच्या वेलीखाली नेहमी काहीतरी असायचं. इथे अजून काही नव्हतं.

"दुसरं काहीतरी काढते. गळ्याला नक्षी काढू?"

"का? वेल का नको?"

"नको म्हटलं ना."

धाकटी बघत राहिली. आईच्या मांडीवर मोतिया ड्रेस होता आणि पायाशी उघड्या पिशवीतून निळी बाही बाहेर आली होती. धाकटी काही दूधखुळी नव्हती. लग्नाआधी थोरलीबरोबर एका अंथरुणात झोपलेली पोर ती, ताईच्या अंगावर कुठे काय दुखतं ते तिला मिठी मारतानाच कळत होतं. ती खाली बसली. रागावली नव्हती, घरात साखर आहे का, असं विचारावं तशा आवाजात तिने विचारलं,

"आई, माझंही असं फाटलं, तर मलाही वेल काढून देशील?"

रफूवालीने दोरा सुईतून ओढून काढला. मोतिया ड्रेसवरची खडूची रेघ झटकली. मग ट्रंकेतून थोरलीचे इथेच राहिलेले, वेल काढलेले जुने ड्रेस काढले, छोटी कात्री घेतली आणि संध्याकाळपर्यंत एकेक टाका उसवत बसली. घालताना जितका वेळ लागला होता त्याहून उसवताना जास्त लागला, कारण टाके पक्के होते. तिने स्वतःच ते मन लावून घातले होते.

थोरली पिशवी न्यायला आली तेव्हा सुट्टीचा दिवस होता. बाप घरीच पेपर वाचत होता. थोरलीने निळा ड्रेस उचलला. बाही तशीच लोंबत होती.

"शिवला नाहीस?"

"नाही. झिजलेलं आण, जन्मभर शिवीन. हे शिवणार नाही."

"असं काय करतेस? घालू काय मी? ते विचारतील."

"इथे धाकटीचे कपडे आहेत. तू परत जायचं नाहीस."

बापाने पेपर खाली केला. "अगं, काय बोलतेस? धाकटीचं ठरलंय. त्यांच्या कानावर गेलं तर?"

"जाऊ दे," रफूवाली म्हणाली. "मीच घालते त्यांच्या कानावर."

"लोक काय म्हणतील?"

"लोक आजवर छान म्हणत होते. वेल छान आहे म्हणत होते. ऐकून ऐकून माझे कान किटलेत."

थोरली उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, धीरही नव्हता. लांबून चालत आलेल्या माणसाचा असतो तसा नुसता थकवा होता. ती म्हणाली, "पहिल्यांदा आणला होता तेव्हा का नाही म्हणालीस, आई?"

रफूवालीने थोरलीचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं, आपल्या खुर्चीवर, आणि स्वतः खाली पाटावर बसली. बाप बराच वेळ पेपरची घडी घालत राहिला. मग उठून आत गेला आणि थोडं थांबून आतूनच म्हणाला, "थोरलीचं ताट वाढायचंय ना?"

चौथ्या प्रहरी जावई आले. संत्री होतीच. दारातच सगळं ऐकल्यावर हसले. "आई, किरकोळ गोष्ट आहे. एवढी तुमची कला, शिवून टाका झालं." शेजारच्या दोन दारांतून डोकी बाहेर आली होती. रफूवालीने ती बघितली आणि नेहमीसारखं दार लोटून घेतलं नाही. उलट पुरतं उघडलं, निळा ड्रेस दोन्ही हातांनी उंच धरला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "थोरलीच्या प्रत्येक वेलीखाली हे होतं. संत्री घेऊन जा." जावयांचा चेहरा खर्रकन उतरला. ते जिना उतरून गेले ते परत आले नाहीत. मग वकिलाकडून कागद आले, त्यांचं जे व्हायचं ते चाललं आहे.

धाकटीच्या सासरहून निरोप आला, की तूर्त थांबू. तूर्त म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. "आधीच कळलं ते बरं झालं," धाकटी ठसक्यात म्हणाली आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. बापाला दुकानात कोणी काही विचारलं नाही, आणि न विचारणंच त्याला जास्त लागलं. घर काही सुखी झालं नाही. थोरली नुसती झोपत होती. दिवसाढवळ्या, जागा मिळेल तिथे झोपत होती.

गल्लीतून मात्र वेल नाहीशी झाली. खांद्यावर वेल म्हणजे नवरा मारतो, असं उगाच कोणाच्या मनात यायला नको, म्हणून बायकांनी झटपट टाके उसवले. त्यांच्या वेलीखाली धड कापड होतं. धुतलं, इस्त्री फिरवली, की कळतसुद्धा नव्हतं. आवडीने काढलेली वेल तशीच निघून गेली.

त्यानंतर एकदा रफूवाली डोळ्यांत घालायचे थेंब आणायला औषधाच्या दुकानात गेली. काउंटरवर नेहमीची बाई होती. शिकलेली, स्वतःचं दुकान सांभाळणारी, डॉक्टरच्या चिठ्ठीतली चूक डॉक्टरला फोन करून सांगणारी. सगळी गल्ली तिला वचकून असे. तिच्या पिवळ्या ड्रेसच्या खांद्यावर जाड दोऱ्याची, घरी काढलेली वेल होती.

"अजून वेल?" शेजारी उभ्या गिऱ्हाइकिणीने चेष्टा केली. "आता कोणी घालत नाही हो!"

"मला आवडते," औषधवाली म्हणाली आणि खोकल्याची बाटली कागदात गुंडाळायला लागली.

रफूवालीने वेलीकडे नीट बघितलं. पानाच्या देठाशी टाके नुसते कोंबले होते, कारण तिथे टाका धरायला कापडच उरलं नव्हतं. उसवली असती तर बाही हातात आली असती. सगळ्यांच्या वेली गेल्या आणि जिला उसवता येत नव्हती तिची तेवढी उरली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होती आणि प्रत्येक जण औषध घेऊन जात होता.

गिऱ्हाईक गेल्यावर रफूवाली हळू आवाजात म्हणाली, "घरी ये. शिवायला काही आणू नकोस. तू ये."

"थेंब दिवसातून तीनदा घाला," औषधवाली म्हणाली. तिने वर बघितलं नाही.

ती आली नाही. दुसऱ्या दिवशी रफूवाली पुन्हा थेंब आणायला गेली. त्याच्या पुढच्या दिवशीही गेली. फळीवर न उघडलेल्या बाटल्या जमायला लागल्या, नवरा म्हणाला, "अगं, दुकान काढणार आहेस का?" गुडघे दुखत होते, ऊन लागत होतं, ढीग तसाच पडला होता. तरी ती जात राहिली, बाटली घेत राहिली आणि तेच वाक्य बोलून परत येत राहिली.

एका दुपारी औषधवालीने बाटली पुढे केलीच नाही. शटरची किल्ली हातात घेऊन ती उभी राहिली.

"आज लवकर बंद करतेय," ती म्हणाली. "तुम्ही चालाल ना माझ्याबरोबर? एकटीने नाही येववत तुमच्या घरी."

रफूवालीने पिशवी खांद्याला अडकवली आणि शटर खाली ओढायला तिला हात दिला.