कपाटाच्या चवीचं सरबत

सकाळी अकरा वाजता सिस्टर दोन गोष्टी सांगून गेल्या. एक म्हणजे, संध्याकाळी सहापर्यंत आईच्या पोटात तीन ग्लास काहीतरी गेलं पाहिजे. दुसरी म्हणजे, नाही गेलं तर त्या गाडी घेऊनच येतील, आणि इस्पितळात नाकातून नळी घालावी लागेल.

"काहीतरी म्हणजे नक्की काय?" ढब्बूनं विचारलं.

"काहीही. पोटात टिकलं पाहिजे, एवढंच," असं म्हणून सिस्टर चपला घालून निघून गेल्या.

ढब्बू एक्केचाळीस वर्षांचा होता आणि कवळ्या बनवायचा. दंतवैद्य त्याच्याकडे लोकांच्या तोंडाचे साचे पाठवत, आणि हा घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यांवर दात बसवून परत पाठवी. माणसं त्याला कधी भेटत नसत. रस्त्यावर कुणी ओळखीचं हसलं तर हा आधी दात बघायचा आणि मग, वेळ उरला तर, नमस्कार करायचा.

आई आतल्या खोलीत कॉटवर पडून होती. तीन आठवड्यांत तिचं खाणं सुटलं, मग चहा सुटला, आणि परवापासून पाणीही. दोन डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, जीभ बाहेर काढायला लावली आणि शेवटी 'वय' असं निदान केलं. औषध म्हणून वय कमी करता आलं नाही, म्हणून टॉनिक दिलं. आईनं ते कुंडीत ओतलं. कुंडीतलं झाड मेलं.

नळीबद्दल आईचं म्हणणं स्पष्ट होतं. बाबांना नळी घातली होती, आणि बाबा नळीसकट गेले होते. "मला नळी घातलीत तर मी परत येणार नाही," ती म्हणाली. "धमकी देत नाहीये. कळवून ठेवतेय."

"आई, असं काय बोलतेस गं?" ताई म्हणाली. ताई म्हणजे ढब्बूची मोठी बहीण, शाळेत कवायत शिकवायची. तिनं आज रजा टाकली होती, पण शिट्टी गळ्यातच होती. "सांग, काय पिशील? तू फक्त सांग."

आईनं बोटानं वर छताकडे दाखवलं. मग म्हणाली, "वरच्या लिंबाचं सरबत. जमलं तर."

वरचं लिंबू म्हणजे गच्चीवरचं झाड. ते एका जुन्या आंघोळीच्या टबात लावलेलं होतं. बाबांनी तो टब कुणाच्या तरी मोडीतून उचलून आणला, आणि गच्चीवर नेताना जिन्यात असा अडकवला की वरच्या मजल्यावरचे लोक दोन दिवस त्यात पाय टाकून घरी जात होते. झाडाच्या बुंध्याशी आईनं पुदिना, गवती चहा आणि ओवा लावला होता. ही पानं ती साखरेच्या गरम पाण्यात झाकून ठेवायची, पाणी निवलं की वर लिंबू पिळायची. त्या सरबतासाठी पूर्वी लोक खोटे आजारी पडायचे.

"पण पाला कुठला घालायचीस? किती?" ढब्बूनं विचारलं.

"हाताला लागेल तो."

"म्हणजे किती ग्रॅम?"

आईनं डोळे मिटले. हा प्रश्न ऐकून बरीच माणसं डोळे मिटत.

झाडावर सहा लिंबं होती. ढब्बूनं पाच उतरवली, सहावं हिरवंगार आणि सुपारीएवढं होतं म्हणून तसंच ठेवलं. मग तो कामाला लागला, आणि त्याला काम करण्याची एकच पद्धत येत होती. साखर त्यानं कवळीची पूड मोजायच्या काट्यावर मोजली. पाण्यात थर्मामीटर बुडवला. पुदिन्याची बारा पानं सारख्या आकाराची निवडली, कारण असमान पानांवर त्याचा विश्वास नव्हता. सरबत तयार झाल्यावर त्यानं दातांच्या रंगाची पट्टी काढून ग्लासाला लावली.

"अरे, हे काय करतोयस?" ताई म्हणाली.

"रंग बघतोय. वयस्कर माणसाचा सुळा आलाय. चांगला रंग आहे."

"हे तिला सांगू नकोस."

आईला उठवून बसवलं. तिनं एक घोट घेतला, तोंडात धरला, आणि अवघड पाहुण्याला घरात घ्यावं तसा गिळला. मग ग्लास परत दिला.

"कसं आहे?"

"साबण," आई म्हणाली.

दुसऱ्या ग्लासात गवती चहा घातला. आई म्हणाली, "रबर." तिसऱ्यात ओव्याची पानं घातली. त्या घोटाला आईनं बराच वेळ दिला.

"कपाट," आई म्हणाली.

"कपाट कसं लागतं?"

"असं."

उरलेलं सरबत ओतून द्यायला जीव होईना, म्हणून प्रत्येक ग्लास ताई आणि ढब्बू अर्धा अर्धा पीत होते. तेही हिशेबात धरायला हवं होतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. ढब्बूनं पानं कमी केली, वाढवली, चुरगळली, नाही चुरगळली. ताईनं पाठीमागे उभं राहून एक-दोन, एक-दोन असा ढवळण्याचा ताल धरला. चौथ्या ग्लासाला आई म्हणाली, "झोंबतंय रे." पाचव्याला नुसती मान हलवली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढं पाणी तिच्या अंगात शिल्लक आहे याचाच ढब्बूला एक क्षण आनंद झाला, आणि मग त्या आनंदाची लाज वाटली.

साडेचार वाजले. आईच्या पोटात पाच घोट गेले होते. ओठ कागदासारखे झाले होते, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. ढब्बू स्वयंपाकघरात जमिनीवर बसला. पाच लिंबांची सालं त्याच्यासमोर पालथी पडली होती.

"चव गेलीय तिची. डोक्यातलंच काहीतरी आहे," तो म्हणाला.

"मला तर पाचही आवडली," ताई म्हणाली आणि जोरात नाक ओढलं. "ओव्याचं तर इतकं सुरेख होतं, की मला रडू आलं. आपण बसून पितोय आणि ती..." तिनं शिट्टी तोंडात घातली, फुंकली नाही, नुसती चावत बसली.

ढब्बू उठून आईपाशी गेला. ती ग्लानीत होती, तोंड किंचित उघडं. तो वाकला तो तिचा श्वास बघायला. श्वास होता. पण त्याबरोबर एक वास आला, आणि तो वास त्याच्या ओळखीचा होता. माणसाच्या तोंडाला येतो तसला नव्हताच. पुढच्या खोलीतल्या तपकिरी बाटलीचं बूच काढलं की यायचा, तो हा वास.

तो मागच्या मागे खुर्चीवर बसला.

कवळी प्लॅस्टिकच्या पुडीत द्रव कालवून करतात, आणि मग साच्यासकट पाण्यात तासन्‌तास शिजवतात, म्हणजे तो द्रव संपूर्ण मुरतो. पुरता शिजला नाही तर कच्चा द्रव आत राहतो आणि तोंडात झिरपत राहतो. हे ढब्बूला झोपेतही माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी आईच्या मैत्रिणीकडे सगळ्याजणी जमणार होत्या, फोटो काढायचा होता, आणि त्याच सकाळी आईची जुनी कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली. ढब्बूनं तिच्या जुन्या साच्यावरून नवी करून दिली. शिजायला ठेवली आणि पाऊण तासात बाहेर काढली, कारण दारात रिक्षा उभी होती. फोटो छान आला. आई त्यात तिशीची दिसत होती, दातांपुरती.

"आई," त्यानं हलवून हाक मारली. "आई, दात कधीपासून कडू लागतायत?"

आईनं डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं.

"रिक्षातच," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू दिवसातून चाळीस वेळा विचारायचास, कसे आहेत, कसे आहेत. मी चाळीस वेळा छान म्हणून बसले." तिनं दम घेतला. "दातांच्या दोन डॉक्टरांनी तुझं काम परत पाठवलं त्या महिन्यात. जेवत नव्हतास. म्हटलं, एक तरी कवळी चांगली होऊ दे."

"अगं, मग काढून तरी प्यायचं!" ताई ओरडली.

यावर आईनं पदर ओढून तोंडावर घेतला. गेली एकवीस वर्षं बिनदाताची आई कुणी पाहिली नव्हती. बाबांनीसुद्धा नाही. बाबा गेले त्या रात्रीही ती दात लावून रडली होती. आता तर तीन आठवडे ती झोपतही दात लावूनच होती, कारण मुलं पाळीपाळीनं उशाशी जागत होती. तिच्यावर लक्ष ठेवता ठेवता दोघांनी तिचं पाणी तोडलं होतं.

पाच वाजून गेले होते. ढब्बू गच्चीवर धावला. सहावं लिंबू तोडलं, ते गारगोटीसारखं कडक होतं. पुदिना संपला होता. गवती चहाचे खुंट राहिले होते. पाच लिंबं त्याच्या आणि ताईच्या पोटात होती, आणि पोटातून लिंबू परत काढायची कुठलीही पद्धत त्याला ठाऊक नव्हती. त्यानं ओव्याची उरलेली पानं ओरबाडली, लिंबाची कोवळी पानंही मुठीनं ओढली, काटे लागले तरी. मोजली नाहीत. खाली येऊन सगळं एकत्र पाण्यात घातलं, साखर हातानं टाकली, उकळलं, पातेलं थंड पाण्यात धरून निववलं, आणि लिंबू फळीखाली दाबून त्यातून निघेल तेवढा रस काढला. सात थेंब निघाले. ते मात्र त्यानं सवयीनं मोजले.

"तोंड फिरवा," आई म्हणाली.

दोघं भिंतीकडे तोंड करून बसले. मागे वाटीत टक्‌ असा आवाज झाला. ताईनं ढब्बूचा हात धरला, आणि कवायतीचा हात असल्यामुळे त्याची बोटं कळवळली. मग घोटाचा आवाज आला. आणखी एक. मग आईचा आवाज, सगळी अक्षरं वितळलेला, लहान मुलासारखा.

"लिंबू कमी आहे."

भिंतीकडे तोंड करूनच दोघं रडू लागले.

सहा वाजता सिस्टर आल्या तेव्हा दोन मोठी माणसं भिंतीला नाक लावून बसलेली होती, आणि आई एका हातानं तोंड झाकून दुसऱ्या हातानं रिकामा ग्लास धरून बसली होती.

"शिक्षा दिलीय का?" सिस्टर म्हणाल्या.

"दोन झाले, सिस्टर!" ताई भिंतीला म्हणाली. "दोन पूर्ण!"

"कुणी पाहिले?"

कुणीच पाहिले नव्हते. खाली गाडीनं भोंगा दिला. सिस्टरनी आईची कातडी चिमटीत धरून पाहिली, नाडी पाहिली, कागदाचा पॅड काढला. वाईट बाई नव्हती ती. "हे बघा, मागे यांनी टॉनिक प्यायले म्हणून सांगितलं आणि कुंडी मारली. माझ्यासमोर एक ग्लास पूर्ण जाऊ दे, तर मी लिहिते. नाहीतर न्यावंच लागेल. आजी, बोला. पिताय का?"

आई बोलली नाही. बोलायला हात काढावा लागला असता. तिची नजर वाटीकडे गेली. वाटीत दात होते, पाण्यात, गुलाबी हिरड्यांवर सरळ रेषेत, इतके सुबक की ढब्बूनं आयुष्यात त्याहून चांगलं काम केलं नव्हतं. आईनं मोकळा हात वाटीकडे नेला. दात लावून ती पिणार होती. दात लावून तिच्याच्यानं गिळवणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं, तरी हात जात होता.

ढब्बूनं वाटी आधी उचलली. कवळी बाहेर काढली, दोन्ही हातांत धरली, आणि मधोमध मोडली. कडक आवाज झाला. एक दात उडून सिस्टरच्या पॅडवर पडला.

"आई," तो म्हणाला, "छान नव्हती."

आईनं त्या तुकड्यांकडे बघितलं. मग त्याच्याकडे. तोंडावरचा हात तिनं काढला नाही. खाली गाडीनं पुन्हा भोंगा दिला. ताईनं तिसरा ग्लास पुढे केला. त्यात लिंबू नव्हतंच, नुसतं पानांचं हिरवट पाणी.

हात खाली आला. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले, हनुवटी नाकाच्या जवळ आलेली. या बाईला त्या घरात कुणीच ओळखत नव्हतं. तिनं तिघांकडे एकेक करून पाहिलं, कुणी हसतंय का ते. कुणी हसलं नाही. मग तिनं दोन्ही हातांनी ग्लास धरला, ओठांत घेतला, आणि सगळ्यांदेखत, हनुवटीवरून ओघळत, पिऊ लागली. पहिला घोट खाली उतरला तो घशात दिसला. दुसऱ्याला ती थांबली, डोळे मिटले, आणि ढब्बूला वाटलं, आता ओकणार. नाही ओकली.

सिस्टरनी पेनाचं टोपण काढून हातात धरलं. ग्लास अजून अर्ध्याच्या वर भरलेला होता.