डब्याच्या झाकणावरची पूड

काळुराम भोईरांनी ट्रेमधलं एक निपल उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. रबरावर पुन्हा तीच पांढरी पूड! त्यांनी अंगठ्याने पुसली. गेली.

"पुसली की जाते, म्हणजे काही नाही," ते स्वतःशीच म्हणाले.

घरात काय, कचेरीत काय, आपण सगळेच कधी ना कधी असं म्हणतो. दिसेनासं झालं म्हणजे संपलं, असं धरून चालतो.

साल होतं ब्याण्णव. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, जिथे पूर्वी भोईरांचं भात पिकायचं, तिथल्याच एका प्लॉटवर त्यांचा लहानसा कारखाना होता. बाळांच्या दुधाच्या बाटलीवर बसतात ती सिलिकॉन रबराची निपलं तिथे तयार होत. बरंचसं काम ठाण्याच्या एका कंपनीचं. मागच्या खेपेला माल उशिरा गेला, तेव्हा तिथल्या साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला." आज दुपारी त्यांचा टेम्पो यायचा होता. काम गेलं तर कारखान्याला कुलूप, हे काळुरामना पक्कं ठाऊक होतं.

"सगुणाबाय, ओलं फडकं घ्या. सगळी पुसा नि पिशव्या भरा."

"नको, सगुणाबाई. थांबा," मागून आवाज आला.

शालू केणी. कळव्याच्या कोळीवाड्यातली मुलगी, रसायनशास्त्र शिकलेली. मालाची तपासणी तिच्याकडे होती. माल भट्टीत पूर्ण तापवला आहे, अशी तिची सही असल्याशिवाय ठाण्याची कंपनी खोकं उघडत नसे.

"काका, ही वरून पडलेली धूळ नाही. रबर घट्ट करायला आपण जे पेरॉक्साइड घालतो, त्याचं उरलेलं आहे. आतून वर येतंय. आत्ता पुसाल, संध्याकाळी परत येईल."

"मग आया निपल उकळतात ना? तेव्हा जाईल."

"वरचं जाईल. आतलं आतच राहील. आणि बाळ ते दिवसभर चोखणार."

"आजवर कोनाला काय झालं?" काळुरामांचा आवाज चढला.

"झालं असतं तरी तुम्हाला कोणी कळवलं असतं? बाळ रडलं तर आई म्हणते दात येतायत, दूध पचलं नाही. बाटलीच्या निपलाकडे कोण बघतं? ते थोडंथोडं पोटात जाऊन नेमकं काय होईल, हे मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते बाळावर करून बघायचं नसतं, काका! म्हणून तर नियम केलाय."

"नियम मना शिकवू नको! चार तास तापवायचा नियम, चार तास तापवलाय. माझ्या डोळ्यांदेखत. बरोबर ना रे, विश्राम?"

भट्टीवर काम करणाऱ्या विश्रामने मान हलवली. "पूर्ण चार तास, शेठ."

शालूने निपल पुन्हा उजेडात धरलं. तेच तर कोडं होतं. चार तासांत ते उरलेलं वाफ होऊन निघून जायला हवं, मग तापवूनही पूड का यावी?

"बघ. सही कर. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

शालूने पेन उचललं नाही.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. सगुणाबाईने भट्टीचं दार उघडून बायकांचे डबे बाहेर काढले. माल काढला की भट्टी बराच वेळ गरम असे, आणि त्या उरलेल्या उष्णतेवर डबे ठेवायची तिथे पहिल्यापासूनची रीत होती.

सगुणाबाईने घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शेठ, भाकरीला परत औषदाचा वास येतंय."

"बोंबलाचं कालवण नि औषधाचा वास? नाक दाखवा बाय कुठल्या तरी डॉक्टरला!" काळुराम म्हणाले.

बायका फिदीफिदी हसल्या. शालू मात्र हसली नाही. तिने सगुणाबाईच्या डब्याचं झाकण हातात घेतलं, नखाने खरवडलं. नखावर बारीक पांढरी पूड आली. तिने ते निपलाशेजारी धरलं. तीच!

"डबे भट्टीत? सगुणाबाई, अहो, यात रसायन तापतं!"

"आमी पयल्यापासून ठेवतो. पयले वास नव्हता."

"पहिले नव्हता?" शालूने वर पाहिलं. भट्टीच्या माथ्यावरून एक जाड नळ छपरातून बाहेर जात होता. तापलेल्या मालातून निघणारी वाफ त्यातूनच बाहेर जायची. ती स्टुलावर चढली. नळाची झडप बंद होती आणि ती उघडू नये म्हणून तारेने आवळून बांधली होती.

"वाफेला बाहेर जायला वाटच नाही," ती खाली उतरत म्हणाली. "ती भट्टीतच कोंडते. थंड डबा दिसला की त्यावर बसते. चार तास तापवून मालातलं मालातच राहिलं. आणि ही कोंडलेली वाफ एखाद दिवशी पेटली असती म्हणजे? झडप कोणी बांधली?"

सगळ्या माना विश्रामकडे वळल्या. भट्टी त्याची ना!

"मी हात नाय लावला, आईशप्पथ!" विश्रामचा चेहरा उतरला.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा.

काळुराम त्या तारेकडे बघत राहिले. झडप बांधणारे हात त्यांचेच होते. एका शुक्रवारी, एमआयडीसीच्या आठवड्याच्या सुट्टीला, वीज बंद, कारखाना बंद, आत कोणी नाही. तेव्हा स्वतः वर चढून त्यांनी ती आवळली होती. उष्णता फुकट छपरातून जाते, विजेचं बिल वाढतं, शेजारचे वासाबद्दल कुरकुरतात. एका तारेत सगळं भागत होतं! आता नुसतं गप्प राहायचं. विश्रामला दोन शिव्या घालायच्या, पुढच्या मालापासून झडप उघडायची. हा माल पुसून गेला असता. कोणाला काय कळणार होतं?

सगुणाबाईने भाकरी तशीच बाजूला सारली होती. ती मोठी बाई. वास आला, तोंड वाकडं करून तिने घास टाकला. ज्याला घास टाकता येत नाही, त्याने काय करायचं?

"विश्रामला काही बोलू नका," काळुराम म्हणाले. त्यांनी वरच्या तारेकडे बोट दाखवलं. "मी बांधली."



ते स्वतः फाटकापर्यंत गेले. टेम्पोवाल्याला म्हणाले, "रिकामाच जा. माल खराब आहे. साहेबांना सांग, कशाने खराब झाला ते भोईर स्वतः येऊन सांगेल."

परत आल्यावर शालूने हलक्या आवाजात विचारलं, "काका, झडप बांधल्यानंतर आणखी कुठे माल गेलाय?"

काळुरामांनी मालाची वही उघडली. कल्याण! तिथल्या घाऊक बाजारात जगनशेठकडे खोकी गेली होती.

तासाभरात ते जगनशेठच्या दुकानात उभे होते. माल परत द्या म्हटल्यावर शेठ हसायलाच लागला. "काय भोईर, डोकं फिरलं का? थोडा विकलासुद्धा गेला. एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं नाही!"

"कसं येईल?" काळुराम म्हणाले. "ज्याच्या तोंडात हे जातंय, त्याला अजून बोलता येत नाही."

जगनशेठचं हसू थांबलं. त्याने गड्याला हाक मारली आणि उरलेली खोकी काढायला सांगितली. विकला गेला तो माल कोणाकोणाच्या घरी पोचला, ते मात्र कोणालाच सांगता आलं नाही. ते ओझं काळुराम भोईरांनी पुढे जन्मभर बाळगलं.

वाचकहो, नियमातले तास त्यांनी पाळले होते. ते तास कशासाठी, एवढंच विचारलं नव्हतं. आपण जे बनवतो, विकतो, तपासतो, ते शेवटी कोणाच्या तरी तोंडी जातं, अंगाला लागतं. त्या माणसाला आपण कधी बघत नाही आणि तो आपल्याला जाब विचारायला येत नाही. नियम त्याच्या वतीने बोलत असतो. तो अर्धा पाळणं म्हणजे त्या न बोलणाऱ्याला फसवणं!