बारा पस्तीसचा मुहूर्त

शिवकन्याने कॅमेऱ्याच्या पाठीवरची स्क्रीन दाबून सपाट बसवली. एरवी ती ही स्क्रीन बोटभर बाहेर ओढून ठेवायची. मुठीएवढा तो कॅमेरा, आत ना पंखा ना जाळी. आतली उष्णता निघायची ती पाठीतूनच, आणि तीच वाट तिने आता झाकून टाकली होती. मग रेकॉर्डिंग फोर-केवर, म्हणजे कॅमेरा सगळ्यात जास्त तापवणाऱ्या बारीक चित्रणावर नेलं आणि नवरी खोलीतून निघायच्या कितीतरी आधी लाल बटण दाबलं.

आखाडा बाळापूरच्या मंगल कार्यालयासमोर पत्र्याचा मंडप होता. मे महिन्यातली दुपार; कूलरसुद्धा गरमच हवा फेकत होते. मुहूर्त बारा पस्तीसचा. अशा उन्हात, असा बंदिस्त केलेला कॅमेरा वीस-पंचवीस मिनिटांच्या वर टिकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मोठा कॅमेरा मंडपाच्या पार टोकाला होता आणि पाहुण्यांचे मोबाइल नवरा-नवरीच्या पाठीमागे. अक्षता पडताना नवरीचा चेहरा समोरून फक्त हाच कॅमेरा टिपणार होता.

नवरी होती रागिणी, उकंडरावांची एकुलती एक लेक. उकंडरावांच्या फोटो स्टुडिओत शिवकन्याने सहा वर्षं काम केलं होतं.

मागच्या मे महिन्यात गोरेगावच्या एका लग्नात स्टुडिओचा हाच कॅमेरा ऐन अक्षतांच्या वेळी तापून बंद पडला होता. त्या दिवशी सकाळीच ती उकंडरावांना म्हणाली होती, "काका, फोर-के नको. मधी मधी बंद करून सावलीत ठेवू द्या, न्हाई तर तापंल." त्यांनी ऐकलं नाही, पार्टीला शब्द दिला होता म्हणे. आणि कॅमेरा बंद पडला तेव्हा चारशे माणसांसमोर ते म्हणाले, "ह्या पोरीनं बटणच दाबलं न्हाई."

तिचे वडील रखमाजी त्या लग्नात जेवायला आलेले होते. मेंढरं राखणारा माणूस. त्यांनी डोक्याचा पटका काढला, नवरदेवाच्या बापाच्या पायावर ठेवला आणि लेकीच्या चुकीची माफी मागितली. त्यानंतर ते गोरेगावच्या बाजारात कधी गेले नाहीत. मेंढरू विकायचं असलं की उन्हातान्हात पार हिंगोली गाठायचे. शिवकन्याला कुणी कामाला बोलावेना. ती एका झेरॉक्सच्या दुकानात बसू लागली.

पंधरा दिवसांपूर्वी रागिणी त्या दुकानात आली होती. "ताई, माझ्या लग्नाचं शूटिंग तूच काढायचं. पप्पांना मी सांगितलंय." शिवकन्या म्हणाली, "येते."

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या कडेला, नवरदेवाच्या बाजूने नवरीकडे तोंड करून शिवकन्या उभी होती. कॅमेऱ्याची पाठ तव्यासारखी तापली होती. तिने तो मुठीत आणखी घट्ट धरला. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाची खूण उमटली, मग ती लुकलुकायला लागली. तिची नजर त्या खुणेवरून हलेना.

शेवटचं "सावधान" झालं. अंतरपाट खाली आला, ताशे कडाडले, अक्षता उडाल्या आणि स्क्रीन काळी झाली.

तिने कॅमेरा खाली घेतला. नवरदेवाच्या मामांच्या ते लगेच लक्षात आलं.

"ए पोरी, बंद काहून केलं? हार घालून राहिले ना तिकडं!"

"बंद पडला."

"पडला म्हंजे? अक्षताचं आलंच न्हाई का? कुनाला बोलावलं हो तुमी!"

आवाज चढला तशी माणसं वळून पाहू लागली. उकंडराव गर्दीतून वाट काढत आले. शिवकन्या ताठ उभी राहिली. हाच क्षण तिने वर्षभर मनात घोळवला होता: उकंडरावांचा पडलेला चेहरा, व्याह्यांसमोर जोडलेले हात.

त्यांनी तिच्या हातातून कॅमेरा घेतला. चटका बसला तसा या हातातून त्या हातात घेतला. मग त्यांची नजर पाठीवर गेली. स्क्रीन घट्ट मिटलेली होती. त्यांनी शिवकन्याकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही.

उकंडरावांनी अंगठ्याने स्क्रीन बाहेर ओढली, बोटभर. दुसऱ्या कुणाला कळावं असं त्यात काही नव्हतं. मग ते मामांकडे वळले.

"पोरीची चूक न्हाई पाव्हणं. मशीन तापली. ह्या उन्हात तापतीच."

"आन् आमी काय बघावं मंग?"

"माज्याच लेकीचं लगीन हाय. माजं बी गेलंच की." ते मामांकडून गर्दीकडे वळले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मागल्या साली गोरेगावच्या लग्नात बी मशीनच तापली व्हती. ही मला सकाळीच सांगून राहिली व्हती. मी ऐकलं न्हाई, आन् नाव हिचं घेतलं."

मामा पुटपुटत बाजूला झाले. माणसं जेवणाच्या पंगतीकडे वळली. उकंडरावांनी कॅमेरा तिच्या हातात दिला.

"उद्या तुज्या घरी येतो," ते हळू आवाजात म्हणाले. "रखमाजीला म्हनावं, मेंढरं घेऊन लवकर जाऊ नको."

शिवकन्या एक पाऊल पुढे झाली. एवढं तरी सांगावं, काका, ह्या बारीला मीच... पण ते पाठ फिरवून पंगतीकडे निघून गेले होते.

तिने बॅटरी काढली, कॅमेरा सावलीत उघडा ठेवला आणि त्याच्या शेजारीच खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने रागिणी आली. केसांत तांदूळ, गळ्यात हार, कपाळावरून ओघळलेलं कुंकू.

"जाऊ दे गं ताई. मशीनच ती," ती म्हणाली आणि शिवकन्याच्या खांद्याला टेकून उभी राहिली. "एक सांग ना. मला त्या वेळचं काहीच आठवेना. अक्षता पडताना मी रडत होते का गं? तू तर पार समोर होतीस."

शिवकन्याने आठवून पाहिलं. कोपऱ्यातली ती लुकलुकणारी खूण तिला स्पष्ट दिसली. दुसरं काहीच दिसलं नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "हसत व्हतीस."

रागिणी खूश झाली. "खरंच?"

"व्हय."

"किती हसत होते? कशी?"

शिवकन्या तिच्या केसांतला एकेक तांदूळ वेचू लागली.