उंदराच्या पोटातली पाणकोंबडी

कचेरीत सगळे तिला उंदीरताई म्हणत. बेटावर सापळ्यांत अडकलेले उंदीर बर्फात घालून बोटीने यायचे आणि ताई दिवसभर त्यांची पोटं फाडून बघायची, कोणी काय खाल्लंय ते. बेटावर कोणकोणते जीव उरलेत हे मोजायची ती एक पद्धत होती. पद्धत चांगली, पण वास असा की साबणाची अख्खी वडी झिजवली तरी बोटांवरून हटायचा नाही. "आज तू वाढू नकोस," नवरा म्हणायचा. त्याच्यावर चिडण्याऐवजी तिला स्वतःच्या हातांचीच किळस यायची.

हे सगळं ती एका पाणकोंबडीपायी सोसत होती. जमिनीवर घरटं करणारी, उडता न येणारी ही जात जगात त्या एकाच बेटावर होती आणि बरीच वर्षं कुणाच्या नजरेस पडली नव्हती. ती अजून आहे असा पुरावा मिळाला, तरच विष घालून उंदीर संपवायला मंजुरी मिळणार होती. नाहीतर वाचवायचं कुणाला, असा वरच्यांचा सवाल होता.

आज पुरावा मिळाला. एका लठ्ठ उंदराच्या पोटात, आंबूस लगद्यात, पिल्लाचं पाऊल निघालं. काडीसारखी बोटं, नखं अजून मऊ, वर त्या जातीचीच तांबूस लव. पिल्लू आहे म्हणजे आईबाप आहेत, या विचाराने ताईला आनंद झाला आणि त्या आनंदाचीही शिसारी आली.

ट्रे घेऊन ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, पाणकोंबडी आहे! आता विषाच्या अर्जावर सही करा."

साहेब चहा घेत होते. ते भलतेच खूश झाले. "वा, उंदीरताई! बेटाचा एक पक्षी वाढला. पण विष राहू द्या."

"का?"

"अहो, उंदीरच मेले तर पुढच्या वर्षी ती सापडणार कशी? पद्धत बदलली की आकडे जुळत नाहीत. दर वर्षी असं एखादं पिल्लू मिळत राहिलं, की झालं."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चिमट्याने ते पाऊल उचललं आणि साहेबांच्या बशीत ठेवलं. "घ्या. पुढच्या वर्षीचंही इथेच आणून ठेवते."

साहेब तोंडावर रुमाल दाबून बेसिनकडे पळाले. परत आले तेव्हा ताई तिथेच उभी होती.

"आधी ती बशी उचला," ते कसेबसे म्हणाले.

"आधी सही," ती म्हणाली.