बोलायचं तर थांबायचं

त्या घराचा नियम एकच होता आणि तो दोघांच्याही स्वभावाच्या मुळावर उठलेला होता. ती चालत असताना कोणी बोलायचं नाही, आणि बोलायचं असेल तर आधी थांबायचं. ती म्हणजे जुन्या यंत्रांच्या संग्रहालयातली गाईड, जिला सगळे ताई म्हणत. तिची टकळी एकदा सुरू झाली की पाहुणे घड्याळ बघायचं विसरत. तिचा नवरा भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याच्या कानगोष्टी पलीकडच्या गल्लीत ऐकू जात. अशा दोघांना गप्प बसवणारा आजार साधासुधा नव्हताच.

आजाराचं नाव सेरेबेलर अटॅक्सिया. नाव घेतानाच जीभ अडखळते, आणि या आजारात ती तशीही अडखळतेच, त्यामुळे नाव पाठ करण्यातच ताईचे बरेच दिवस गेले. सुरुवात कपापासून झाली. हात कपाकडे जायचा आणि कप सोडून पुढे निघून जायचा. मग चालताना पावलं फाकू लागली, जिना उतरताना कठडा सोडवेना. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं, की हातापायांत ताकद आहे, बुद्धीही शाबूत आहे. मेंदूच्या मागे, खालच्या बाजूला एक लहान मेंदू असतो, हालचालींचा मेळ बसवणारा. तो दुखावलाय. पूर्ण बरं करणारं औषध नाही, पण व्यायामाने आणि युक्त्यांनी पुष्कळ निभावतं. युक्त्या दिल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी. कप जड घ्यायचा आणि अर्धाच भरायचा. जेवताना कोपर टेबलावर टेकायचं. आणि चालणं आता आपोआप होत नाही, त्याकडे लक्ष द्यावं लागतं, म्हणून चालताना बोलणं बंद.

नेमका इथेच ताईचा जीव अडकलेला होता. इतकी वर्षं ती पाहुण्यांकडे तोंड करून उलटी चालायची आणि चालता चालता बोलायची. कुठे वळायचं, कुठे शिवणयंत्राचा कोपरा येतो, हे तिच्या टाचांना ठाऊक होतं. संग्रहालयात तिने आजाराचा पत्ता लागू दिला नव्हता. "पाय मुरगळलाय," असं सांगून वेळ मारून नेत होती. पण मुरगळलेला पाय तरी किती महिने मुरगळलेला राहणार? शेवटी एका पाहुण्याने तक्रार केलीच, की गाईड झोकांड्या खात होती, बोलणंही जड होतं, प्यायलेली असावी.

संग्रहालयाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी ताईला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"गुरुवारच्या फेरीला मी सोबत येते, ताई. जमलं तर ठीकच. नाहीतर पाहुण्यांच्या पिशव्या ठेवतो ना, त्या खिडकीत बसा. पगार तोच राहील."

"पिशव्यांशी काय बोलू मी?" घरी आल्यावर ताईने भोंग्याला विचारलं. नियमाप्रमाणे खुर्चीत बसून विचारलं, आणि मग तिला रडू आवरेना.

"मग खरं काय ते सांगून टाक ना."

"सांगितलं की लगेच खिडकीत बसवतील. कीव करतील वर. एकदा ही फेरी नीट होऊ दे."

मग तालीम सुरू झाली. उलटं चालणं सोडलं. ताई स्वयंपाकघरापासून बेडरूमपर्यंत भिंतीला बोटं लावत मुकाट चालायची, कपाटाला पाठ टेकायची आणि मगच तोंड उघडायची. "हे ऐतिहासिक कपाट. याचं निखळलेलं दार बसवून घेईन, असं वचन या घरच्या पुरुषाने लग्नात दिलं होतं." पाहुणा एकच, भोंगा, पण टाळ्या हॉलभर माणसांच्या वाजवायचा. गुरुवारी मीही तिकीट काढून येतो, असं त्याने जाहीर केलं.

"तू? आणि गप्प राहशील?"

"तोंडाला कुलूप."

गुरुवारी स्टोव्हचं दालन निर्विघ्न पार पडलं. ताई कठड्याला धरून चालली, खांबाला टेकून बोलली. शब्द सावकाश, तुटक तुटक येत होते, पण विनोद जागच्या जागी होते आणि लोक हसले. भोंगा सगळ्यांच्या मागे ओठ आवळून उभा होता आणि ताईची आपली ओळखच नाही अशा थाटात एका स्टोव्हकडे टक लावून बघत होता.

शिवणयंत्रांकडून रेडिओंकडे जाताना घात झाला. मोठ्या बाई ताईच्या शेजारून चालत होत्या. त्यांनी सहज, अगदी हळू विचारलं, "ताई, ते पायाने चालवायचं शिवणयंत्र आपल्याकडे कधी आलं हो?"

ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पाऊल भलतीकडेच पडलं.

"ती चालतेय. बोलू नका."

हे आपण नुसतं पुटपुटलो, असं भोंगा आजही शपथेवर सांगतो. पण ते ऐकून तिकीटखिडकीतला माणूस उठून उभा राहिला आणि पहारेकरी धावत आला. मोठ्या बाईंना या इमारतीत आजवर कोणी गप्प केलं नव्हतं. त्या गप्प झाल्या. कठडा हाताशी होता म्हणून ताई पडली नाही. तिने मागे पाहिलं तर नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडलेला. घरचा नियम त्याच्या इतका अंगवळणी पडला होता, की आपण कुठे आहोत आणि समोर कोण आहे, याचं त्याला भानच राहिलं नव्हतं.

आता लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता. रेडिओंसमोर 'बसू नये' अशी पाटी लावलेलं एक जुनं स्टूल होतं. ताईने ते गाठलं आणि सरळ त्यावर बसली.

"हा माझा नवरा," ती म्हणाली. "माझा पाय मुरगळलेला नाही आणि मी प्यायलेलीही नाही. मला सेरेबेलर अटॅक्सिया आहे." नाव घेताना ती अडखळली, पण तिने ते पुरं केलं. "या रेडिओकडे बघा. मोठ्या बटणाने स्टेशन लागतं, पण आवाज स्वच्छ हवा असेल तर हे बारीक बटण फिरवावं लागतं. माझं मोठं बटण ठणठणीत आहे. बारीक बटण सैल झालंय. म्हणून हात पोहोचतो, पण नेमका पोहोचत नाही. आणि चालताना बोलले तर दोन स्टेशनं एकदम लागतात."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. ताईला हायसं वाटलं.

"तेव्हा आता असं करू. पुढच्या दालनापर्यंत कोणीच बोलायचं नाही, मीसुद्धा. नुसतं बघायचं. तिथे मी बसेन, मग काय हवं ते विचारा."

एरवी पाहुणे ताईच्या तोंडाकडे बघत चालत. आज ते यंत्रांकडे बघत चालले. पुढच्या दालनात ती टेकते न टेकते तोच प्रश्नांचा भडिमार सुरू झाला. हा पट्टा कशासाठी, ते चाक उलटं का फिरतं, ही खुंटी इतकी कशाने झिजली. ताईला उत्तरं देता देता धाप लागली. बऱ्याच दिवसांनी तिला इतकी मजा आली होती.

शेवटी बाहेर पडायचा लांबलचक कॉरिडॉर उरला. मोठ्या बाई भराभर चालत ताईच्या बरोबरीला आल्या आणि त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मागे भोंग्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. पण मोठ्या बाईंनी आपण होऊन तोंड मिटलं. अख्खा कॉरिडॉर त्या ताईच्या चालीने चालल्या, टोकाला खुर्ची ओढून दिली, आणि ती बसल्यावरच बोलल्या.

"पिशव्यांच्या खिडकीत दुसऱ्या कोणाला तरी बसवते. तुम्हाला दर दालनात एक खुर्ची लागेल. आधी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"हं. आता सांगा, ते शिवणयंत्र कधी आलं?"

ताईने सांगितलं. यंत्राच्या मूळ मालकिणीच्या सासूसकट सगळं सांगितलं, आणि मोठ्या बाईंना ते उभ्याने ऐकून घ्यावं लागलं.

घरी जाताना भोंग्याच्या पोटात बोलणं मावत नव्हतं. रस्त्याकडेची बाकं हीच या दोघांची बोलायची ठिकाणं. पहिलं बाक आलं. ताई तिकडे न बघता पुढे गेली. दुसरंही तिने सोडलं. ही शिक्षा आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती मान खाली घालून भोगली. तिसऱ्या बाकावर मात्र ती टेकली.

"बोल."

इतका वेळ साठवलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. "मला वाटलं, मी तुझं काम घालवलं," एवढंच तो म्हणाला, आणि ते खरोखरच तिच्याशिवाय कोणालाही ऐकू गेलं नाही.

"घालवलंच होतंस," ती म्हणाली. "मी परत मिळवलं."

त्याचा हात धरायला तिने हात पुढे केला. तो नेम चुकून त्याच्या गुडघ्यावर जाऊन पडला. भोंग्याने आपला हात उचलला आणि तिथे नेऊन ठेवला.