पाण्याची घंटा

चैत्राच्या दुपारी ऊन पांढरं पडतं आणि रस्त्यावरच्या सावल्या भिंतींना चिकटून बसतात. त्या वेळी अग्निशमन केंद्राच्या पत्र्याच्या शेडमधून पितळ घासल्याचा आवाज येत असे. चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि त्यावर फिरणारा एक म्हातारा तळहात. आवाज मऊ, गोलसर, गाय रवंथ करत असावी तशा लयीचा. आतल्या अंधाराला डोळा सरावला की आधी दिसे ती घंटा, एकटीच उजळलेली. मग तिच्यामागे हळूहळू आकार घेणारं लाल धूड. आणि सर्वांत शेवटी नागनाथअप्पा. त्यांच्या बाबतीत हे नेहमीच होई. यंत्र आधी दिसे, माणूस नंतर.

बातमीच्या निमित्ताने मी त्या शेडमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा अप्पा बंबावर चालक होते. पुढे ते निवृत्त झाले, काही वर्षांनी मीही बातम्या देणं थांबवलं. शेडमध्ये जाणं मात्र दोघांचंही थांबलं नाही.

घरातला बंब तांब्याचा असतो, अंघोळीचं पाणी तापवणारा. त्याच्या पोटात विस्तव आणि भोवती पाणी. रस्त्यावरच्या बंबाचं उलटं. त्याच्या पोटात पाणी, आणि तो जातो तिथे भोवती विस्तव. शहराने अप्पांचं नाव ‘बंबअप्पा’ ठेवलं तेव्हा यातला कुठला बंब मनात होता, असं कुणी विचारलं की अप्पा आधी आपल्या वाटोळ्या पोटावर हात ठेवत, मग शेडकडे बोट दाखवत आणि सांगत की दोन्ही.

शेडमध्ये तीन पिढ्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. कोपऱ्यात लाकडी चाकांचा हातपंप, निजामाच्या अमदानीतला म्हणून सांगितला जाणारा. दोन्ही बाजूंच्या दांड्यांना माणसं लागत आणि ती खालीवर झुलत राहिली तरच नळीतून पाणी निघे. तो चालताना पाहिलेला माणूस आता हयात नाही. दाराशी आजची गाडी, बंद केबिनची, कळ दाबली की किंचाळणारी. आणि या दोघांच्या मधे तो जुना बंब: लांब नाकाचा, हँडल मारून सुरू होणारा, ज्याच्या दोन्ही कडांच्या बाकांवर जवान रस्त्याकडे तोंड करून बसत, ज्याच्या पाठीवर लाकडी शिडी आणि कपाळावर चामडी वादीने वाजणारी घंटा. माणसाच्या दंडातलं बळ यंत्रात कसं उतरलं आणि यंत्राचं माणसाशी असलेलं बोलणं हळूहळू कसं बंद झालं, हा सगळा प्रवास त्या शेडमध्ये चार पावलांत पाहता येत असे.

एक काळ असा होता की साऱ्या जिल्ह्याला हाच एक बंब होता. परंड्याच्या किल्ल्याखालची दुकानं असोत की कर्नाटकाच्या सीमेजवळची गंजी, वर्दी आली की हाच निघे. उघड्या बाकांवर बसलेल्या माणसांच्या भुवया धुळीने पांढऱ्या होत आणि परतताना त्याच काजळीने काळ्या. अप्पा सांगत, जाळ दिसायच्या आधी जळक्या कडब्याचा वास यायचा. ज्वारीची गंजी जळते तेव्हा तो वास गोड असतो, आणि म्हणूनच तो सोसत नाही.

पंपाच्या शेजारी उभं राहण्यात अप्पांचे कान गेले. माणसांचं बोलणं त्यांना अर्धं ऐकू येई, उरलेलं ते ओठांवरून जुळवत. यंत्र मात्र त्यांना पूर्ण ऐकू येत असे, ते कानाने नव्हे. पंपाच्या ओतीव पोटावर ते उजवा तळहात ठेवत, डोळे मिटत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आतल्या पाण्याची हालचाल उमटत जाई. पाणी अडखळलं की कपाळ आखडे, हवा शिरली की ओठ मिटत, आणि पाणी नीट चढलं की त्या काळ्याभोर, ठिकठिकाणी भाजल्याच्या खुणा असलेल्या चेहऱ्यावर अशी शांती पसरे की पाहणाऱ्याने आपसूक आवाज खाली आणावा.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर हा बंब सास्तूरला गेला तो विझवायला नव्हे. तिथे पत्र्याच्या आडोशांमधून राहणाऱ्या माणसांना पाणी हवं होतं, आणि जिथे हाक मारावी अशी घरं उरली नव्हती तिथे अप्पांनी घंटा वाजवली. माणसं भांडी घेऊन आली. पुढे शहरात दुष्काळी उन्हाळे आले, टँकर अपुरे पडले, तेव्हाही हाच बंब गल्लोगल्ली पाणी घेऊन फिरला आणि तीच घंटा वाजत राहिली. असं करता करता एका आवाजाचा अर्थ बदलला, आणि तो बदलल्याचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं तामलवाडीकडे एक गंजी पेटली त्या दिवशी. बंब घंटा घणघणत केंद्रातून निघाला आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी हंडे-कळशा घेतलेल्या बायका धावत आल्या. काहींनी रांग धरण्यासाठी भांडी थेट रस्त्याच्या मधोमध मांडली. बाकांवरचे जवान ओरडत होते की आग लागलीय, सरका. आणि बायकांना वाटत होतं की पाणी दुसऱ्या गल्लीला पळवलं जातंय, म्हणून त्या अधिकच घट्ट उभ्या राहत होत्या. अप्पा चाक एका जवानाच्या हाती देऊन खाली उतरले, एकेक हंडा उचलून कडेला ठेवत बंबापुढे चालत गेले. बंब पोहोचला तेव्हा गंजीच्या जागी काळं वर्तुळ होतं, आणि दावणीची जनावरं त्या वर्तुळाकडे तोंड करून उभी होती.

त्यानंतर अप्पांनी दोन घंटा केल्या. घंटा एकच, वाजवणं दोन तऱ्हांचं. आगीची घंटा सलग, घाईची, टोल टोलावर आदळणारा. पाण्याची घंटा एकेरी: एक टोल, मग त्याचा नाद हवेत पूर्ण विरेपर्यंत थांबणं, मग दुसरा. काही दिवसांतच सारं शहर हे शिकलं. आगीची घंटा ऐकली की हातगाडे कडेला होत, पाण्याची ऐकली की कड्या निघत. भांडकुदळ सुनेला सासू ‘आगीची घंटा’ म्हणू लागली आणि कामाला सावकाश असलेल्या नवऱ्याला बायको ‘पाण्याची’. दोन टोलांमधल्या नुसत्या विरामावर एका शहराने इतका विश्वास ठेवावा, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

मग नवी गाडी आली, आणि जुना बंब शेडच्या मध्यावर स्थिरावला. अप्पा निवृत्तीनंतरही रोज येत, पितळ घासत, वंगण देत. असं चाललं असताना यंदा माघात ठरलं की बंब मोठ्या चौकात चौथऱ्यावर ठेवायचा. चौथऱ्याखालून नाला जात होता, वजन झेपणार नव्हतं. म्हणून इंजिन आणि पंप काढून नुसतं धड वर चढवायचं होतं. केंद्राच्या अधिकारी मॅडम दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या, शांत, रीतीच्या. त्यांनी अप्पांना बोलावून खुर्ची दिली आणि स्वतः समजावून सांगितलं. अप्पांनी ओठांवरून सगळं वाचलं.

“पोट काढून उभा केला तर तो बंब न्हाय, मॅडम,” ते म्हणाले. “ते बंबाचं सोंग हाय.”

मॅडमनी विचार करून एक वाट काढली. बंबाने आवारातल्या विहिरीचं पाणी ओढून फवारा शेजारच्या कडुलिंबाच्या शेंड्यावरून पलीकडे टाकला, तर तो चालू स्थितीत आहे असं त्या वर कळवतील; मग तो जसाच्या तसा शेडमध्ये राहील. अप्पा कबूल झाले. पण नंतर त्यांनी मला शेडमध्ये नेऊन पंपाच्या पोटावर बोट फिरवून दाखवलं. ओतीव लोखंडाला जुनी चीर होती, केसासारखी. ती त्यांनी परोपरीने बुजवली होती. तसा भाग आता कुठल्याच कारखान्यात मिळत नव्हता.

“एकदाच धरंल पाणी,” ते हळू म्हणाले. “दुसऱ्यांदा न्हाय.”

ठरलेल्या दिवशी उन्हं उतरताना बंब विहिरीशी आणला. अप्पांनी हँडल मारलं, ते उलटं फिरलं, पुन्हा मारलं. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि एकाएकी अशा खोल स्वरात चालू झालं की लिंबावरचे कावळे उठले. विहिरीत नळी सोडली होती, आत हवा राहू नये म्हणून पंपात आधीच पाणी ओतलं होतं. अप्पांनी पोटावर तळहात ठेवला, डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या कपाळाकडे पाहत होतो. ते आखडलं, तसंच राहिलं, आणि मग सैल झालं.

“धरलं,” अप्पा म्हणाले.

जमिनीवर निपचित पडलेली कापडी नळी फुगत, सरळ होत गेली. तिचं टोक धरलेल्या जवानाने पाय रोवले. फवारा सोडण्याआधी भोवतालची माणसं दूर व्हावीत म्हणून घंटा वाजवायची रीत होती. अप्पांनी डाव्या हाताने वादी ओढली. एक टोल झाला. त्याचा नाद शेडच्या पत्र्याला लागून, भिंतीवरून, गल्लीत उतरून विरला. मग दुसरा टोल झाला.

मॅडमना त्यात काही वेगळं वाटण्याचं कारण नव्हतं. मला कळलं, आणि कुंपणापलीकडे पहिलं भांडं वाजलं तेव्हा त्यांनाही कळलं. नळाला पाणी येऊन आठवडा लोटला होता. फाटकातून सर्वांत आधी आल्या काशीबाई, ज्यांनी नवी नवरी असताना या बंबाचं पाणी भरलं होतं. मागून त्यांच्या वयाच्या आणखी काही जणी. आणि त्यांच्यामागे सुना, ज्यांना त्या नादाचा अर्थ ठाऊक नव्हता, पण सासूचं धावणं पुरेसं होतं. बंबापुढे भांड्यांची रांग लागली, तिच्यात मावळतीचं ऊन उतरलं.

अप्पांनी डोळे उघडले, रांग पाहिली आणि जवानाला हाताने खूण केली: खाली. त्यांनी इंजिनाचा जोर उतरवला. नळीच्या तोंडातून जाडसर, शांत धार पडू लागली, पहिल्या हंड्यात.

मॅडम त्यांच्यासमोर जाऊन, ओठ दिसतील अशा उभ्या राहिल्या. “अप्पा, आधी एकदा वर मारा. तेवढंच बघायचंय मला.”

“बाया उभ्या हायत, मॅडम.”

मॅडमनी एकदा लिंबाच्या शेंड्याकडे पाहिलं. मग त्या वाकल्या आणि भरलेला हंडा बाजूला करून दुसरा धारेखाली सरकवला.

बरीच भांडी भरली. इंजिनाचा घुमारा आणि पाण्याचा आवाज, तळाशी पोकळ, काठाशी भरीव. काशीबाई सुनांना पुढे करून स्वतः मागे राहिल्या होत्या. त्यांचा हंडा लागला तेव्हा पंपाच्या पोटातून बारीक फुसकारा आला. चिरेतून पाण्याची एक सुई बाहेर पडली, तिची पट्टी झाली, पंपाने हवा धरली. धार तुटली. अप्पांनी इंजिन बंद केलं, हात मात्र पोटावरून काढला नाही.

“अर्धाच भरला की वो, अप्पा,” काशीबाई म्हणाल्या. “तुमचा बंब बी तुमच्यावानी थकला.”

“आन् तू काय तरणी हाईस व्हय?”

“म्या न्हाय थकले. अर्धा हंडा घिऊन चालत जाणार हाय घरी.”

आणि त्या खरंच चालत गेल्या. आवार रिकामं झालं. मॅडम बंबाशी आल्या. मग म्हणाल्या, “अप्पा, मला लिंबावरून जाणारं पाणी बघायचं होतं.”

“मी बी बघणार होतो,” अप्पा म्हणाले.

कुठली घंटा वाजवायची हे ठरवून केलं का, असं मी नंतर विचारलं. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे जरा परक्यासारखं पाहिलं आणि सांगितलं की हाताला तीच आली.

पंप आणि इंजिन निघालं. बंब आता चौकात चौथऱ्यावर आहे, ताज्या लाल रंगात. कुर्डुवाडीची एसटी वळण घेते तेव्हा प्रवासी खिडकीतून त्याच्याकडे पाहतात. अप्पा तिकडून जातात, थांबत नाहीत. मला मात्र त्या संध्याकाळचं आवार दिसतं: भांडी उचलून नेल्यावर मातीत उमटलेली ओल्या वर्तुळांची रांग, आणि कडेने आत आत सुकत जाणारं एकेक वर्तुळ. आम्ही शेवटचं वर्तुळ मिटेपर्यंत बसून होतो. काळ याच रीतीने काम करतो, कडेकडून, आवाज न करता. आणि सगळं सुकून गेल्यावर तिथे पाणी होतं एवढं सांगायला फक्त ते पाहिलेली माणसं उरतात, तीही थोडा वेळ.