अकरा रुपयांचा दिरहम

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नाही, तेव्हा मला घाबरायचं कारण नाही. सिल्वासाच्या बाजारात श्रीकांतराव परदेशी पैसे बदलून देतात. त्यांच्या दुकानाबाहेर मी पंचवीसेक वर्षं टांगलेला होतो. दिरहम म्हणजे दुबईकडचा पैसा. एका दिरहमला आज किती रुपये, एवढंच सांगायचं माझं काम. तुम्हाला ते सोपं वाटेल, पण ऊन खात दिवसभर खरं बोलत राहणं काही सोपं नसतं.

इथल्या एका कारखान्यात परदेशातून यंत्र आलं. त्याच्या खोक्याची मी फळी. काळू पेंटरने मला हिरवा रंग दिला, वर झोकात 'आजचा भाव' लिहिलं आणि खाली खिळे ठोकले. त्यांवर पत्र्याचे मराठी आकडे अडकवायचे. तेव्हा दिरहम आठ-साडेआठ रुपयांना मिळे, म्हणून दशांशाच्या ठिपक्याआधी काळूने एकच खिळा ठोकला होता. पुढे दिरहम दहाच्या घरात गेला आणि श्रीकांतराव हातोडी घेऊन आले. दुसरा खिळा बसताना कळ आली खरी, पण दोन आकडी झाल्याचा तोराही चढला.

एक गंमत सांगतो. लोक हळहळत म्हणायचे, "रुपया पडला." तेव्हा माझ्या अंगावरचा आकडा मात्र वर चढलेला असायचा. कुणाच्या पडण्यावर आपण चढतो, हे मला फार उशिरा कळलं.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. रोज सकाळी श्रीकांतरावांच्या पत्नी प्रमिलाताई ओल्या फडक्याने मला पुसायच्या आणि नवा भाव लावायच्या. नवं पाकीट खिशात घालून दुबईला निघालेली पोरं माझ्यासमोर उभी राहून हिशेब करायची. चहावाला, रिक्षावाला, ज्यांचा दिरहमशी काडीचा संबंध नाही तेही जाता जाता माझ्याकडे बघून मान हलवायचे.

त्या सगळ्यांत मला भिमाबाई जवळची. मूळची धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी, खानवेलला मजुरी करणारी. तिचा गोकुळ इथल्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात कामाला होता. भाव पंधराच्या आसपास असताना तो दुबईला गेला. जाताना माझ्याकडे बोट दाखवून आईला म्हणाला, "हा अठरा झाला की मी परत येईन." साक्षरतेच्या वर्गात भिमाबाई आकडे शिकली होती. दर शुक्रवारी बसने बाजाराला आली की ती पहिली माझ्यापुढे उभी राहायची. ठिपक्यानंतरच्या आकड्यांशी तिला देणंघेणं नव्हतं. पहिले दोन वाचायची आणि जायची.

अठरा झाला. गोकुळ फोनवर म्हणाला, "आई, वीस होऊ दे." मला तर तोंड लपवावंसं वाटलं. वीसचं पुढे बावीस होईल आणि मग पंचवीस, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत असावं, पण ती येत राहिली.

मग एका पावसाळ्यात माझा नऊचा आकडा गंजून अडकवायच्या कानाशी तुटला. श्रीकांतराव दुसरा शोधायला गेले. आता पत्र्याचे मराठी आकडे कोण बनवतो? डोकमर्डीच्या नव्या इमारतींच्या दारांवर लावायचे आकडे एका दुकानात मिळत, ते सगळे इंग्रजी. त्यांनी एक चकचकीत इंग्रजी नऊ आणला. त्याच सुमारास भाव एकोणीसवर गेला. माझ्या पहिल्या खिळ्यावर आपला मराठी एक आणि दुसऱ्यावर तो साहेब. १9. आता इंग्रजी नऊ आणि मराठी एक एकमेकांसारखे दिसतात, हे तुम्हीच बघा.

शुक्रवारी भिमाबाई आली. तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने तो आकडा अकरा वाचला होता. तेवढ्यात तिचा फोन वाजला. शुक्रवार गोकुळच्या सुट्टीचा.

"गोकुळ, भाव पडी गया रे. अकरावर उना," ती म्हणाली.

दुकानातून श्रीकांतराव लगबगीने बाहेर आले. तिची चूक सांगायला त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण ती पुढे बोलत होती.

"अकरा तर अकरा. माले भावनं काय करनं शे? माले तू पाहिजे. नुकसान झालं तर होऊ दे, तू घर ये."

श्रीकांतरावांनी उघडलेलं तोंड मिटलं. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितलं असतं, आणि सगळा घोटाळा करून ठेवला असता. त्या दिवशी फळा असल्याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं.

दसऱ्याला गोकुळ आला. आईला घेऊन दुकानापुढच्या काउंटरशी आला आणि उरलेले दिरहम त्यावर ठेवले. त्याने भाव विचारला नाही. भिमाबाईनेही वर पाहिलं नाही, ती पोराच्या बाहीला धरून उभी होती. त्या दिवशी माझ्यावर बरोबर वीस लागले होते. माझ्याकडे न बघता पैसे बदलणारं ते पहिलंच गिऱ्हाईक.

आई पाणी प्यायला आत गेली तेव्हा गोकुळ हळूच म्हणाला, "काका, तिला सांगू नका. एकोणीस आहे ते मला माहीत होतं. तिला वाटलं आपलं सगळं बुडालं, तरी ती ये म्हणाली. मग मी कुठल्या तोंडाने बावीस म्हणणार होतो?"

श्रीकांतरावांनी नुसती मान हलवली. गोकुळ आता इथल्याच कारखान्यात जातो, पगार तिकडच्यापेक्षा कमी आहे. दुकानावर लाल दिव्यांचे आकडे पळत असतात, दिरहम चोवीसच्या वर गेलाय म्हणे. मी आत झेरॉक्सच्या यंत्रामागे उभा असतो. माझे खिळे वाकलेत, रंगाचे पोपडे निघालेत, पुसणारं कुणी नाही. भंगारवाला दोनदा मला उचलून बघून गेला.

मित्रांनो, जमलं तर माझ्यासारख्या जुन्या फळ्यांवर कधीतरी ओलं फडकं फिरवा. आणि तुमचंही कुणी दूर गेलं असेल, तर त्याला आजचा भाव विचारू नका, नुसतं ये म्हणा. भिमाबाई अजून शुक्रवारी बाजारात येते. दुकानापुढे ओळखीची कुणी भेटली की मान ताठ करून सांगते, "भाव अकरा होता, तरी मना गोकुळ उना." आत श्रीकांतराव ऐकतात आणि तिची चूक दुरुस्त करत नाहीत.